तीन बोटं मावतात का?

अंजूरफाट्याकडून भिवंडीच्या नारपोलीत शिरलं की घरं संपायच्या आधीच कारखाने सुरू होतात. पत्र्याच्या शेडमध्ये दाटीवाटीने उभे यंत्रमाग, हवेत तरंगणारा सुताचा कोंडा आणि शटलच्या ठोक्यांचा असा गजर, की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. इथला कारागीर बारा तासांची पाळी करतो, कधी दिवसाची, कधी रात्रीची. मजुरी विणलेल्या कापडावर, म्हणजे माग थांबला की मजुरीही थांबली. त्या बारा तासांत हात आणि डोळे गुंतलेले, कान बधिर. रिकामं राहतं ते फक्त तोंड. आत विडी शिलगावायची सोय नाही, कारण कोंड्यावर एक ठिणगी पडली तरी शेड पेटेल. मग डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखभर चुना, अंगठ्याने मळणी, दोन टाळ्या, आणि बार गालफडात. भूक मरते, रात्रीची पेंग जाते, हात पुन्हा मागावर.

नारपोलीत कॅन्सरविषयी बोलायला जाणाऱ्याने आधी हे समजून घ्यावं. वातानुकूलित सभागृहात ‘व्यसन सोडा’ म्हणणं सोपं असतं. इथे तंबाखू हे कामाचं हत्यार होऊन बसलं आहे, आणि हत्यार काढून घ्यायचं तर त्याच्या जागी काय देणार याचं उत्तर हवं. प्रयागराजजवळचं मऊ आइमा हे असंच यंत्रमागांचं गाव. तिथल्या पुरुष कामगारांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. दहांतले आठांहून अधिक जण तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेत होते. भिवंडीचे कितीतरी कारागीर त्याच मुलखातून, पूर्वांचलातून आणि बिहारातून आलेले. पद्मानगरच्या बाजूला तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर. प्रत्येकाने आपापली सवय गाठोड्यात बांधून आणली. कुणी खैनी, कुणी पान, कुणी दुसऱ्या कशाची पुडी.

पण परप्रांतीयांनी तंबाखू आणली असं म्हणून हात झटकायची सोय आपल्याला नाही. प्रौढांच्या तंबाखू सेवनाची जी देशव्यापी पाहणी २०१६-१७ मध्ये झाली, तिच्यात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू खाणारे निघाले. विडी-सिगारेटवाले जेमतेम ३.८ टक्के. म्हणजे आपला तंबाखूचा प्रश्न धुराचा फारसा नाहीच, तो गालातला आहे. विदर्भात खर्रा, नगर-सोलापूरकडे मावा, पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात चुलीवर भाजलेली मिश्री. मिश्रीचं नाव घेतलं की बायकांचा विषय निघतो, आणि तो निघायलाच हवा. मुंबईत नव्वदच्या दशकात पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख माणसांची घरोघर पाहणी झाली. तिच्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया तंबाखू वापरत होत्या, जवळजवळ सगळ्या बिनधुराची, आणि सर्वांत जास्त मिश्री. त्यांच्यापैकी बहुतेकींना आपण ‘तंबाखू खातो’ असं वाटतही नसणार. त्या दात घासत होत्या.

या सवयींचा हिशेब देशाच्या पातळीवर असा लागतो: २०२२ साली भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे अंदाजे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण, मृत्यू ८० हजारांच्या आसपास. जगातल्या अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक आपले. त्याच वर्षासाठी आंतरराष्ट्रीय संशोधकांनी काढलेला आणखी एक अंदाज २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आला. निव्वळ बिनधुराची तंबाखू आणि सुपारी यांच्यामुळे झालेले तोंडाचे कॅन्सर भारतात ८३,४०० होते. ही दोन कारणं नसती तर हे रुग्णही नसते.

यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट आकड्यांत दिसत नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर पोटात खोल दडून वाढतो, फुप्फुसाचा फोटो काढल्याशिवाय कळत नाही. तोंडाचं तसं नाही. तोंड उघडलं, खिडकीशी उभं राहिलं की दिसतं. यंत्र लागत नाही, उपाशीपोटी यावं लागत नाही. शिवाय हा आजार बहुतेक वेळा वर्षानुवर्षं आधी खुणा करतो. तरीही आपल्याकडे निम्म्याहून जास्त रुग्ण इस्पितळात पोचतात ते गाठ गळ्यात उतरल्यावर. दिसणारा आजार न दिसण्याची ही जी करामत आपण साधली आहे, तिच्यावर हा लेख आहे.

खुणांविषयीचं बरंच ज्ञान मुंबईतच जमा झालं, आणि मराठी वाचकाला याची फारशी कल्पना नसते. १९५३ साली मुंबईतले कान-नाक-घशाचे तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी एका विकाराचं वर्णन प्रसिद्ध केलं: टाळू आणि घशाच्या कमानी पांढुरक्या, कडक होत जातात आणि तोंड उघडेनासं होतं. सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव वैद्यकात रुळलं ते तेव्हापासून. त्याच्या वर्षभर आधी पूर्व आफ्रिकेत श्वार्ट्झ यांनी पाच स्त्रियांमध्ये हाच विकार नोंदवला होता, आणि त्या पाचही भारतीय होत्या. सुपारी आपल्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून गेली होती.

पुढे साठच्या दशकात होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे जिथे अणूचं गणित मांडलं जायचं तिथे, दंतसंशोधनाचा एक विभाग उघडला गेला. डॉ. फली मेहता, डेन्मार्कचे पिंडबोर्ग, संख्याशास्त्रज्ञ प्रकाश गुप्ता, दफ्तरी, भोंसले, मूर्ती ही त्यातली मंडळी. हे लोक प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. त्यांनी मुंबईच्या पोलिसांची तोंडं तपासली आणि पांढऱ्या चट्ट्यांचं पुढे काय होतं हे दहा वर्षं पाहिलं. पोलिसांवर नजर ठेवण्याचा हा बहुधा सर्वांत उपयुक्त प्रकार असावा. पुणे जिल्ह्यात त्यांनी १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं घरोघर जाऊन पाहिली. तो अहवाल १९७२ चा. केरळ, आंध्र, गुजरात, बिहारात अशाच पाहण्या झाल्या. एर्नाकुलममध्ये सबम्यूकस फायब्रोसिस झालेल्यांचा सतरा वर्षं माग काढला, तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्क्यांना पुढे कॅन्सर झालेला दिसला. आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ३६ हजार तंबाखू खाणाऱ्यांची हकिगत मांडली. ज्यांना समजावून सवय सोडायला, निदान कमी करायला लावलं, त्यांच्या तोंडात नवे पांढरे चट्टे होण्याचं प्रमाण घटलं होतं. चट्टा ही शिक्षा झाल्याची खूण नव्हे, ती नोटीस आहे आणि तिला उत्तर देता येतं, हे त्या अहवालाने सिद्ध केलं.

आता ती नोटीस वाचायची कशी? हाताची तर्जनी, मधलं आणि अनामिका एकावर एक उभी धरावी आणि आपल्याच तोंडात, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तीनही मावली तर ठीक. दोनच मावत असतील तर आवरणाखाली कडकपणा धरू लागला आहे असं समजून दाखवायला जावं. एकच मावत असेल तर आज जावं. ही परीक्षा वाचता वाचताच उरकता येते, म्हणून हीच आधी सांगितली.

फायब्रोसिसची त्याहून आधीची खूण जेवणात सापडते. तिखट सोसेनासं होतं. रस्सा जिभेला लागताच आग, लोणचं नको, मिरची नको, मग पोळी डाळीत भिजवून खाणं. आपण त्याला ‘तोंड आलंय’ म्हणतो, ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतो, गुलकंद खातो. चार दिवसांनी बरं वाटलं की पुडी पुन्हा सुरू.

आरशासमोर उजेडात उभं राहून, हात धुऊन, गाल बोटाने बाहेर ओढून आतली बाजू पाहावी. ज्या कोपऱ्यात बार धरतो तो कोपरा आधी. आपल्याकडचा कॅन्सर मुख्यतः तिथेच, गाल आणि हिरडीच्या खोबणीत होतो. पाश्चात्त्य देशांत तो जिभेचा नि तिच्याखालच्या तळाचा अधिक असतो. नंतर जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जीभ उचलून तिच्याखालची जागा, मान मागे टाकून टाळू. पुसून न निघणारा पांढरा चट्टा दिसला तर दाखवावा. मखमलीसारखा लाल चट्टा दिसला तर त्याहून लवकर, कारण तो पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. जो व्रण दोन आठवड्यांत भरत नाही, मग तो दुखो न दुखो, तो दाखवलाच पाहिजे. खरं तर न दुखणाराच अधिक संशयाचा. आपल्या लोकांचा हिशेब नेमका उलटा आहे: दुखत नाही, म्हणजे काही नाही. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला फारसा दुखत नाही, आणि दुखायला लागतो तोवर तो खोल गेलेला असतो. टोकदार दात किंवा घासणारी कवळी यांनीही जखम होते. दाताचं टोक घासून घेतलं की ती दोन आठवड्यांत भरते. न भरली तर दोष दाताचा नाही.

दातावरून आठवलं. कॅन्सरच्या इस्पितळाच्या बाकांवर नेहमी ऐकू येणारी हकिगत अशी असते: दात हलत होता, काढून टाकला, जखम काही भरली नाही. दात हलत होता तो खालच्या हाडात रोग शिरला म्हणून. काढणाऱ्याने शेजारची हिरडी पाहिली असती तर दोन-तीन महिने वाचले असते. जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर ‘जीभ दाखवा’ म्हणतात, जीभ पाहतात आणि तोंड मिटू देतात. गाल ओढून आत पाहायला अर्धं मिनिट पुरतं, पण गर्दीच्या दवाखान्यात ते अर्धं मिनिट कुणी कुणाला देत नाही.

आता सुपारीचं बघू, कारण ती फार सहज सुटते. तंबाखूला नावं ठेवणाऱ्या घरातही सुपारी असते. पूजेच्या तबकात तिचा मान असतो, लग्नाच्या पंगतीनंतर सुगंधी सुपारीच्या पुड्या पोरांच्या हातीही बिनदिक्कत पडतात. ‘तंबाखू नाही हो त्यात, साधी सुपारी’, हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांकडून किती वेळा ऐकलं असेल! जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीला, तिच्यात तंबाखू असो वा नसो, माणसाला निश्चित कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. सुपारीतलं अ‍ॅरेकोलीन आणि तांबं मिळून गालाच्या आवरणाखाली तंतू साठवत जातात आणि ते विरघळण्याची वाट बंद करतात. तोंड आवळतं ते यामुळे. चुना तंबाखूतलं निकोटीन मोकळं करून ते भराभर रक्तात शिरेल अशी व्यवस्था करतो आणि तोंडातलं आवरण सोलून वाट करून देतो. तंबाखूत वाळवताना-मुरवताना तयार झालेली नायट्रोसामाइन्स मग त्या सोललेल्या जागी आपलं काम करतात. गुटख्याच्या पुडीत हे तिघेही एकत्र, वर गोडवा आणि वास. आजोबांना पान लावायला पाच मिनिटं लागत, म्हणून दिवसाला चार-पाच पानं होत. पुडी दाताने फाडायला दोन सेकंद लागतात. मात्रा वाढली ती या सोयीमुळे.

गुटखाबंदीचा इतिहास महाराष्ट्रात दोन अंकी आहे. पहिली बंदी ऑगस्ट २००२ मध्ये आली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही, राज्याला तसा अधिकार नाही असं ठरलं. दुसरी, अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याचा आधार घेऊन, जुलै २०१२ मध्ये. वर्षभरात तिच्यात सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा, मावा यांचीही भर पडली. अन्नसुरक्षा आयुक्तांचा हा आदेश एका वर्षापुरता असतो, म्हणून तो दरसाल नव्याने काढावा लागतो. आणि दरसाल तो नव्याने मोडला जातो. भिवंडीच्या बाजूला काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडा असा मैलोगणती गोदामांचा पट्टा, शेजारून मुंबई-नाशिक महामार्ग. नारपोली पोलीस ठाण्याच्या हद्दीत टेम्पोभर गुटखा पकडल्याच्या बातम्या पेपरात अधूनमधून येत राहतात. लाखोंचा माल, चालक ताब्यात, मालकाचा शोध सुरू. तो शोध पुढे कुठे जातो ते बातमीत क्वचितच येतं. त्यातून दुसरी पळवाटही निघाली: पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, गिऱ्हाइकाने तोंडात एकत्र करायची.

बंदीचा उपयोग झाला नाही असं माझं म्हणणं नाही. टपरीवर तोरणासारख्या लटकणाऱ्या माळा आत गेल्या, किंमत वाढली, शाळेच्या पोराला मागताना थोडी चोरटी नजर करावी लागते. पण बंदी ही पुढच्या पिढीसाठी असते. नारपोलीतला जो कारागीर पंचवीस वर्षं बार भरतो आहे, त्याच्या गालात जे व्हायचं ते होऊ घातलेलं आहे. त्याला बंदी वाचवणार नाही. कुणीतरी त्याच्या तोंडात डोकावणंच वाचवेल.

डोकावून खरंच माणसं वाचतात का, याचं उत्तर केरळने दिलं आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून डॉ. शंकरनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा पंचायतींमधल्या पस्तिशीपुढच्या सुमारे १ लाख ९० हजार माणसांचे दोन भाग केले. सात पंचायतींत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरी जाऊन, डोळ्यांनी तोंडं तपासली, दर तीन वर्षांनी पुन्हा. सहा पंचायतींत नेहमीचीच व्यवस्था राहिली. २००५ साली निकाल आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. सगळ्या लोकसंख्येत मिळून मात्र फरक तेवढा ठाम दिसला नाही. यातून दोन धडे निघतात आणि दोन्ही आपण विसरतो. एक, सगळ्यांची तोंडं बघत बसण्यापेक्षा सवय असलेल्यांची बघा. दुसरा, एकदा बघून भागत नाही. पंधरा वर्षांनंतरच्या हिशेबात सर्वाधिक फायदा झाला तो पुन्हा पुन्हा तपासून घेणाऱ्यांना.

महाराष्ट्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यभर तिशीपुढच्या माणसांसाठी मुखतपासणीची मोठी मोहीम केली होती. केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमातही तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड पाच वर्षांतून एकदा पाहायचं असं ठरलेलं आहे. आशाताईंच्या फॉर्ममध्ये नेमके प्रश्न आहेत: तंबाखू खाता का, तोंडात दोन आठवड्यांहून जुना व्रण आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का, आवाज बदलला का. कागद उत्तम आहे. पण आशाताई घरी जातात, आणि नारपोलीतल्या कारागिराला इथे घरच नसतं. एका खोलीत आठ-दहा जण, दिवसपाळीवाले रात्री झोपणार, रात्रपाळीवाले त्याच अंथरुणावर दिवसा. आशाताई अकराला येतात तेव्हा अर्धे मागावर आणि अर्धे गाढ झोपेत. त्याचं कुटुंब आझमगडला किंवा दरभंग्याला. तिथली आशा विचारते तेव्हा घरचे सांगतात, ते भिवंडीला असतात. दोन्हीकडच्या याद्यांतून तो गळतो. शिवाय तिशीची अट. पंधराव्या वर्षी पुडी धरलेल्या पोराचं तोंड पंचविशीत दोन बोटांवर आलेलं असू शकतं.

मग शिबिरं भरतात. मंडप, फलक, पाहुण्यांचा सत्कार, सेल्फी. दोनशे तोंडं बघितली, बारा संशयित. त्या बाराजणांना चिठ्ठी दिली जाते, ‘पुढील तपासणीसाठी जावे’. त्यांतले किती गेले, हे दुसऱ्या दिवशीच्या बातमीत नसतं. माझ्या मते शिबिराचा हिशेब पहिल्या दिवसाच्या दोनशेवर करूच नये. महिन्याभराने त्या बारांपैकी किती जणांच्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासला गेला, एवढा एकच आकडा विचारावा. फलकाचा खर्च वाचवून एका माणसाला महिनाभर फोन करण्याचं काम दिलं तरी शिबिराचं चीज होईल.

नारपोलीत खरी नजर कुणाची असेल तर ती बिस्सीवालीची. बिस्सी म्हणजे कारागिरांची महिनेवारी खानावळ, बहुतेक बायकांनी चालवलेली. कोण जेवायला आला नाही, कुणाला डाळ पातळ हवी, कोण हल्ली मिरची बाजूला काढतो, कोण भाकरी न चावता गिळतो, हे डॉक्टरला कळायच्या कितीतरी महिने आधी तिला कळतं. आगीची आणि तोंड न उघडण्याची खूण जेवणात दिसते, आणि जेवण तिच्यासमोर होतं. अशा पन्नास-शंभर बायकांना तीन बोटांची परीक्षा आणि दोन आठवड्यांचा नियम शिकवला, सोबत एक फोन नंबर दिला, तर आरोग्य खात्याला फुकटात एक तपासणीदल मिळेल. दुसरा माणूस मुकादम. पाळी बदलते तेव्हा, सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही पाळ्यांची माणसं कारखान्याच्या दारात एकत्र असतात. तपासणारा त्या वेळी तिथे विजेरी घेऊन उभा हवा. अकरा ते पाचच्या ओपीडीत हा माणूस कधीच येणार नाही, कारण आला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी कुणी मजुरी बुडवत नाही.

चट्टा दिसला, पुढे काय? तुकडा तपासणी. इथे एक जुनी भीती आडवी येते: सुई-कात्री लागली की कॅन्सर पसरतो. ही समजूत किती जणांना पुरून उरली असेल याची गणती नाही. जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, त्याने रोग पसरत नाही. पसरतो तो तुकडा न काढता झाडपाल्याचा लेप लावत घालवलेल्या महिन्यांत. त्या महिन्यांची किंमत कळायला दोन आकडे पुरेत. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या तोंडाच्या कॅन्सरवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’ने छापला. मूळ गाठ काढतानाच मानेतल्या ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ८० टक्के हयात होते. मानेला हात न लावता वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. जगभरची उपचारपद्धती या अभ्यासाने बदलली. लवकर आलेल्यांतसुद्धा एका निर्णयाने एवढा फरक, तर उशिरा आलेल्यांचं काय होत असेल ते सांगायला नको. दुसरा आकडा पैशांचा. त्याच इस्पितळातल्या संशोधकांच्या हिशेबाने, एका रुग्णामागे खर्च सुरुवातीच्या अवस्थेत सुमारे १ लाख १७ हजार रुपये, पुढच्या अवस्थेत २ लाखांहून अधिक. त्यात बुडालेली मजुरी नाही, जबडा अर्धा गेल्यावर पुन्हा न मिळणारं काम नाही.

महाराष्ट्राने हा आजार अगदी जवळून पाहिला आहे. शरद पवारांवर २००४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत उपचार सुरू होते. तंबाखू-सुपारीच्या सवयीची किंमत आपण मोजली हे त्यांनी नंतर जाहीरपणे अनेकदा सांगितलं. आर. आर. पाटील, म्हणजे आपले आबा, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गेले, वय अवघं ५७. गावोगाव स्वच्छतेचं वेड लावणाऱ्या या माणसाच्या जाण्याने तेव्हा कित्येकांनी खिशातली पुडी फेकली, आणि काहींनी ती दोन महिन्यांनी परत आणली. त्यातही नवल नाही. निकोटीन सोडणं एकट्याने होत नाही. सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, १८००-११२-३५६. तंबाखूच्या पुडीवर कॅन्सरच्या चित्राखाली हा नंबर छापलेला असतो, पण चित्र बघवत नाही म्हणून लोक नंबरही बघत नाहीत. फोन उचलणारा माणूस सोडायची तारीख ठरवायला लावतो आणि नंतर उलट फोन करतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने ‘मुक्तिपथ’ चालवला तो गावागावांत लोकांच्या समित्या करून, खर्ऱ्याच्या विक्रीवर गावानेच लक्ष ठेवून. भिवंडीत गाव नाही, पण कारखान्यांच्या गल्ल्या आहेत आणि प्रत्येक गल्लीला आपली टपरी आहे. तिथून सुरुवात करता येईल.

नारपोलीहून परळ अंतराने चाळीस किलोमीटरच्या आसपास. जवळचं भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर, म्हणून बहुतेक जण रिक्षा-बस करत ठाणे गाठतात आणि तिथून लोकल. दाखवायला, तुकड्याला, रिपोर्टला, स्कॅनला अशा फेऱ्या होतात. पुढे शस्त्रक्रिया आणि रेडिएशनचा शेक सुरू झाला की महिना-दीड महिना रोज. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती नसती तर बाहेरगावचे किती रुग्ण फुटपाथवर राहिले असते! महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, कुटुंबामागे मर्यादा आता ५ लाख रुपये. पण त्यासाठी शिधापत्रिका महाराष्ट्राची लागते, आणि कारागिराची शिधापत्रिका गावाकडे, घरच्या ट्रंकेत. आयुष्मान भारतचं कार्ड मात्र कुठल्याही राज्यातलं चालतं, हे त्याला बहुतेकदा कुणी सांगितलेलं नसतं. तपासणीच्या दिवशीच विजेरीवाल्याशेजारी कार्ड काढून देणारा माणूस बसवला तर पुढची निम्मी रखडपट्टी टळेल.

दिवाळी-छठला आणि ईदेला भिवंडीतली निम्मी माणसं गावी जातात. संशयित चट्ट्याची चिठ्ठी मिळालेला कारागीर ‘गावाहून आल्यावर बघू’ म्हणतो, आणि येतो तीन-चार महिन्यांनी. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. चिठ्ठीच त्याच्यासोबत पाठवावी. टाटा मेमोरियलच्याच व्यवस्थेतली कॅन्सर इस्पितळं वाराणसीत २०१८-१९ पासून चालू आहेत, लहरताऱ्याला होमी भाभा रुग्णालय आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात मदनमोहन मालवीयांच्या नावाचं केंद्र. बिहारात मुझफ्फरपूरला तिसरं. घर जवळ, जेवण घरचं, खोलीचं भाडं नाही, बायको सोबत, आणि आयुष्मानचं कार्डही तिथलंच. तेव्हा नारपोलीतल्या तपासणीच्या चिठ्ठीवर परळच्या पत्त्याखाली हे पत्ते हिंदीत छापावेत, मागच्या बाजूला तीन बोटांचं चित्र काढावं, आणि माणूस गाडीत बसायच्या आत ती त्याच्या खिशात गेली आहे ना, ते बिस्सीवालीने बघावं.